गप्प बसायची तालीम

माझं चष्म्याचं दुकान आणि त्याचं सलून यांच्यामध्ये एक फळ्यांची भिंत होती. भिंत आपली म्हणायला. मी इकडे शिंकलो की तिकडचं गिऱ्हाईक दचकायचं आणि त्याचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा वर जायचा. तिकडची प्रत्येक गोष्ट तर शब्द न सांडता माझ्याकडे यायची. नंबर तपासायला आलेली माणसं तक्त्यावरची अक्षरं वाचायची सोडून फळीला कान लावून बसायची आणि मी विचारलं, ‘दिसतंय का?’ की म्हणायची, ‘थांबा हो जरा, तो विहिरीत पडलाय.’

त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग कधीच उडाला होता आणि ती पुन्हा रंगवून घ्यावी असं कुणाला वाटलं नव्हतं. दुकान उघडलं की रेडिओ सुरू, कुलूप लागलं की बंद.

त्याचा हात चांगला होता, फक्त तो तोंडाच्या तालावर चालायचा. गोष्ट उजव्या कानापाशी सुरू व्हायची, मानेवर रंगात यायची आणि डाव्या कानापाशी संपायची. संपली नाही तर बिचारा हात काय करणार, तो पुन्हा उजव्या कानाकडे निघायचा. त्यामुळे गोष्ट जितकी लांब तितके केस आखूड, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कुणी अगदीच भुंडं डोकं घेऊन घरी आला की बायको म्हणायची, ‘आज म्हैस होती वाटतं.’

म्हैस ही त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट. फार वर्षांपूर्वी एक म्हैस जिन्याने चढून सरकारी कचेरीच्या वरच्या मजल्यावर गेली. म्हशीला जिना चढता येतो, उतरायचा म्हटला की तिचे पाय लटपटतात. दोर झाले, काठ्या झाल्या, साहेब हात जोडून झाले. शेवटी रेडिओ एकटा वर गेला, तिच्या कानाशी तोंड नेऊन तिला चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या आणि ती सुनेसारखी खाली मान घालून त्याच्या मागोमाग उतरली. ही गोष्ट ऐकली नाही असं डोकं आमच्या गल्लीत नव्हतं. मी तर फळीपलीकडून तिच्यात कुठे खोकायचं तेसुद्धा सांगू शकलो असतो.

गोष्टींमध्ये रेडिओ जग फिरून आला होता. बर्फात अडकला होता, जहाजावर कप्तानाची दाढी केली होती. प्रत्यक्षात त्याचं पाऊल सासुरवाडीच्या पुढे पडलेलं नव्हतं. म्हणून मेहुण्याचा फोन आला तेव्हा तो इतका हरखला की समोरच्या माणसाची अर्धी मिशी उतरवूनच भानावर आला.

हा मेहुणा म्हणजे रेडिओच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा, धाकटा भाऊ. परदेशातल्या एका मोठ्या शहरात त्याने सलून काढलं होतं आणि त्याला भरवशाचा हात हवा होता. शहर भयंकर महाग. मेहुण्याच्या सांगण्यावरून तिथे एकदा केस कापायच्या पैशात इथे माणूस बाळपणापासून टक्कल पडेपर्यंत डोकं सांभाळून घेऊ शकला असता. खोलीचं भाडं ऐकून वहिनी खाली बसल्या. खोली केवढी, तर पलंग ठेवल्यावर पलंगावर चढूनच आत जायचं एवढी. पण कमाईही तशीच होती, दोघांनाही काम मिळणार होतं, आणि मूलबाळ नसल्याने मागे अडकून राहावं असं काही नव्हतं. दोघांनी होकार दिला.

मेहुण्याची अट एकच होती. तो मुळात मोजकं बोलणारा माणूस. वहिनींनी मला त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

“दाजी, इथे बोलायचं नाही.”

तिथे म्हणे माणूस खुर्चीत बसला की मिनिटांचे पैसे पडतात. गोष्ट ऐकत बसायला कुणालाच परवडत नाही, सांगत बसायला तर त्याहून नाही. आधीच्या कारागिराला त्याने याच कारणाने काढलं होतं. रेडिओने तिथली भाषा शिकायचीही गरज नव्हती. ‘किती ठेवू?’, ‘मान सरळ’ आणि ‘झालं’ एवढी तीन वाक्यं मेहुण्याने फोनवरून घोकून घेतली आणि सांगितलं की यापलीकडे एक अक्षर तोंडातून येता कामा नये. कागदपत्रं व्हायला काही महिने लागणार होते. तोवर दाजींनी सवय करावी.

दुसऱ्या दिवसापासून रेडिओने सवय करायला घेतली.

सकाळी फळीपलीकडून कात्रीचा नुसता आवाज यायला लागला तेव्हा मला वाटलं, माझे कान गेले. मी उठून पाहायला गेलो. रेडिओ गाल फुगवून उभा होता. तोंड आपोआप उघडू नये म्हणून त्याने तोंडात पाणी धरलं होतं. बिनपाण्याने हजामत करणारे पुष्कळ पाहिले, पण इतक्या पाण्याने करणारा मी पहिल्यांदाच पाहत होतो. अडचण अशी झाली की दर थोड्या वेळाने एखादी गोष्ट त्याच्या ओठांपर्यंत यायची, ती परतवताना पाणी गिळलं जायचं आणि तो पुन्हा घोट भरायचा. दुपारपर्यंत त्याच्या पोटात इतकं पाणी गेलं की तो गिऱ्हाइकांना साबण लावून मागच्या दाराने पळायचा आणि परत येईपर्यंत फेस वाळून त्यांचे चेहरे आवळलेले असायचे. अखेर हेडमास्तर खुर्चीत असताना त्याला ठसका लागला. हेडमास्तरांनी रुमालाने आरसा पुसला, मग चष्मा पुसला, मग स्वतःला पुसलं. त्यानंतर पाणी बंद झालं आणि रेडिओने दातांत कंगवा धरायला सुरुवात केली.

गल्लीत मात्र चिंता पसरली. जो माणूस कधी श्वास घ्यायला थांबला नाही तो गप्प झाला म्हणजे काहीतरी मोठंच झालं असणार. कुणी म्हणालं घशाचा आजार आहे, कुणी म्हणालं बायकोने दम दिलाय. त्यालाच विचारावं तर आणखी पंचाईत, कारण गप्प का बसलोय हे सांगायला त्याला बोलावं लागलं असतं. मला विचारायला यायचे, पण परदेशाचं पक्कं होईपर्यंत बाहेर सांगू नका अशी वहिनींनी तंबी दिली होती. त्यामुळे मीही मूग गिळून बसलो आणि आता आम्हा दोघांचं एकत्रच काहीतरी बिनसलं आहे अशी बातमी झाली.

बँकेतला कॅशियर बसला असताना रेडिओला म्हशीची फारच आठवण झाली. बोलता तर येत नव्हतं, म्हणून त्याने नुसती मान हलवली आणि एक लांब सुस्कारा सोडला. नेमका तेव्हा तो कॅशियरच्या डोक्याचा मागचा भाग पाहत होता. कॅशियर आरशात हे सगळं बघत होता. तो तसाच उठून डॉक्टरकडे गेला. डॉक्टरला काही सापडलं नाही, त्यामुळे त्याला जास्तच भीती वाटली आणि तो मोठ्या डॉक्टरकडे गेला. त्या आठवड्यात त्याने माझ्याकडून हातात धरायचा एक आरसा मागवून घेतला आणि काउंटरखाली ठेवला. अधूनमधून नोटा मोजायचं थांबवून तो स्वतःची मान बघायचा.

हेडमास्तरांना वाटलं, रेडिओ आपल्यावर रागावला आहे. तो गप्प व्हायच्या आधीच्या खेपेला म्हैस ऐकताना त्यांना डुलकी लागली होती. ते खास वेळ काढून आले आणि शाळेत मुलांकडून माफी लिहून घेतात त्याच भाषेत त्यांनी माफी मागितली. पुन्हा असं होणार नाही, म्हणाले. रेडिओने दातांतला कंगवा न काढता त्यांना नमस्कार केला आणि परदेशी भाषेत सांगितलं, ‘मान सरळ.’ कंगव्यामुळे ते कुठल्याच भाषेत नीट उमटलं नाही. हेडमास्तर डोळे पुसत घरी गेले.

पण दिवसभर दाबून ठेवलेलं जाणार कुठे? ते घरी उतू जायला लागलं. दार उघडल्याबरोबर रेडिओ सुरू व्हायचा तो वहिनी भांडी घासेपर्यंत, घासून झाल्यावर आणि झोप लागल्यावरसुद्धा. त्यातच वहिनींनी त्या चिमुकल्या खोलीची सवय व्हावी म्हणून एकाच अरुंद खाटेवर झोपायचं ठरवलं होतं. आता कुठे कूस बदलायचीही सोय राहिली नव्हती, जिकडे वळावं तिकडे हेच. एका सकाळी त्या माझ्या दुकानात आल्या. डोळे तांबारलेले होते.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “डोळ्यांचं सगळं ठेवता तुम्ही. कानांचं काही मिळतं का?”

मी त्यांना कापूस दिला. बाकी तयारी त्यांनी जिद्दीने चालवली होती. तिकडे सगळंच महाग म्हणून त्या इथून सगळंच न्यायच्या बेतात होत्या. टाचण्या, बटणं, सुतळी, कपडे वाळत घालायचे चिमटे, फरशी पुसायचं फडकं आणि ते फाटलं तर दुसरं फडकं. विमानात किती वजन चालतं ते मेहुण्याने सांगितलं होतं, पण घरात वजनकाटा नव्हता. म्हणून दोघं बॅगा घेऊन रद्दीवाल्याकडे गेले. रद्दीवाल्याने बॅग काट्यावर टाकली, वजन सांगितलं, भावही सांगितला. रेडिओला दातांत कंगवा असल्याने खुलासा करता येईना, त्याने नुसते हात हलवले. रद्दीवाल्याला वाटलं भाव पटला नाही. त्याने भाव वाढवला. पुन्हा हात हलले, पुन्हा भाव वाढला. वहिनी पलीकडच्या दुकानातून दोर घेऊन परत आल्या तेव्हा बॅग रद्दीच्या ढिगावर होती आणि नवऱ्याच्या हातात पैसे होते. वहिनींनी ते परत करून बॅग सोडवली, पण वाटेत त्या म्हणाल्या की आपलं सामान विकायला न्यायचं झालं तर हेच तोंड घेऊन चला.

धंद्याचं म्हणाल तर तो आधी बसला. काहीजण रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये गेले. नुसतेच केस कापून घ्यायचे तर ते कुठेही कापता येतात. पण मग एक वेगळंच सुरू झालं. जे राहिले होते ते आता खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच बोलायला लागले. शांततेचा माणसाला भार होतो, ती कुणीतरी उचलायला लागते. कोळशाच्या वखारीचा मालक एवढा दांडगा गडी, तो उंदरांना घाबरतो हे आम्हाला तेव्हा कळलं. हेडमास्तरांना लहानपणी सर्कशीत जायचं होतं. कॅशियरला तर स्वतःच्या मानेविषयी इतकं सांगायचं होतं की त्याला दोनदा केस कापून घ्यावे लागले. मी फळीपलीकडून हे सगळं ऐकायचो आणि नवल करायचो. वर्षानुवर्षं या माणसांच्या डोक्यावर हात फिरत होता, आणि डोक्यात काय आहे ते त्या हाताच्या मालकाला आत्ता कळत होतं.

पोस्टमन आला तो दिवस मला चांगला आठवतो. हा आमच्या भागातला जुना पोस्टमन, उंच, वाकलेला. त्याला नाव पुकारण्यापलीकडे बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. दर महिन्याला यायचा, बसायचा, गोष्ट ऐकायचा, पैसे देऊन जायचा. त्या दिवशी तो बसला, रेडिओने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री चालायला लागली.  मग पोस्टमन म्हणाला, “ती म्हैस.”

कात्री थांबली.

“ती म्हैस वर होती तेव्हा,” पोस्टमन म्हणाला, “मीही वर होतो.”

मी हातातली चष्म्याची काडी खाली ठेवली आणि फळीला कान लावला.

पोस्टमनने हळूहळू सगळं सांगितलं. कचेरीत रजिस्टर पत्र द्यायला तो वर गेला होता. पिशवीत त्याने आपल्या शेरडाला नेण्यासाठी थोडा हिरवा पाला घेतला होता, त्याच्या वासाने म्हैस त्याच्या मागोमाग जिना चढली. वर पोचल्यावर ती दारात आडवी उभी राहिली. पोस्टमन एका बाजूला, जिना दुसऱ्या बाजूला. सगळे कारकून म्हशीला पाहून आधीच पळाले होते. खाली अख्खं गाव गोळा झालं आणि जो तो जिन्यात उभा राहून ओरडून सल्ले देऊ लागला. सगळ्यांत मोठा आवाज रेडिओचा होता. तो चौथ्या पायरीवर उभा होता. त्यापेक्षा वर तो गेलाच नाही. तो जसजसा ओरडायचा तसतशी म्हैस मागे सरायची आणि पोस्टमन भिंतीला चिकटायचा.

“मग?” असं रेडिओने विचारलं नाही. कंगवा होता.

मग दुपार झाली, पोस्टमनने सांगितलं. लोकांना भुका लागल्या. ओरडून घसे बसले होते. जेवून येऊ म्हणत सगळे पांगले. जिन्यात चिटपाखरू राहिलं नाही. सगळीकडे शांत झालं. तेव्हा म्हशीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं आणि एक एक पाय टाकत आपली आपण खाली उतरली. रेडिओ जेवून हात पुसत परत आला तेव्हा ती रस्त्यावर उभी होती. त्याने तिच्या पाठीवर थाप मारली आणि लोकांकडे बघून हसला. गोष्ट तिथून सुरू झाली.

“मी खिडकीतून बघत होतो,” पोस्टमन म्हणाला. “तुम्ही सांगायचात तेव्हा दर वेळी वाटायचं, मीही तिथे होतो असं म्हणावं. पण तुम्ही मानेवर आलेले असायचात. मधे बोललो असतो तर कात्री लागली असती.”

 पलीकडे कंगवा आरशाखालच्या फळीवर ठेवल्याचा आवाज आला. सगळ्या तालमीत त्याने पहिल्यांदाच नियम मोडला होता.

“मग तुम्ही जेवलात कधी?” त्याने विचारलं.

पोस्टमनने कापडावरचे केस झटकले.

“त्या दिवशी राहिलंच,” तो म्हणाला.

रेडिओने त्याचे उरलेले केस सावकाश, अगदी एकसारखे कापले. पैसे घेतले नाहीत. पोस्टमनने ते गल्ल्यावर ठेवले, रेडिओने ते त्याच्या खिशात घातले, पोस्टमनने पुन्हा गल्ल्यावर ठेवले. शेवटी दोघं दुकान उघडं टाकून कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवायला गेले. सकाळची वेळ होती, खानावळ नुकतीच झाडत होते. तरी बसले. खानावळवाला मला नंतर म्हणाला की एकटा पोस्टमनच बोलत होता आणि रेडिओ पोळी हातात धरून ऐकत होता. पोस्टमनची बायको गेल्याचं, मुलगी दूर असल्याचं, त्या शेरडाचं. त्या शेरडाविषयी बरंच होतं.

कागदपत्रं आली आणि बातमी फुटली. गल्लीला आधी हायसं वाटलं की घशाला काही झालेलं नाही, आणि मग एकदम कळलं की हा जाणार. त्या शेवटच्या आठवड्यात जो तो केस कापून घ्यायला आला. ज्यांचे वाढले होते ते आले, कालच कापून गेले होते तेही आले. वखारवाल्याला तर पूर्ण टक्कल होतं, एरवी तो दाढीलाच यायचा, तो म्हणाला, नुसती कात्री वाजवा. साऱ्या गल्लीची डोकी अशी भुंडी झाली की एका नव्या कंडक्टरने बस थांबवून विचारलं, इकडे कसली साथ आलीय का.

निघायच्या दिवशी वहिनींनी फरशीचं दुसरं फडकं तेवढं मागे ठेवलं. वजनात बसेना. रेडिओने सलूनचं शटर ओढलं, मग पुन्हा अर्धं उघडून आत एकदा डोकावला. आम्ही सगळे उभे होतो. आता तरी काहीतरी बोल, असं हेडमास्तर म्हणाले. रेडिओने आमच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि त्याला काहीच सुचेना. शेवटी तो परदेशी भाषेत म्हणाला, ‘झालं.’ आम्हाला वाटलं, आशीर्वाद असावा. आम्ही हात जोडले.

तिकडे त्याचं बरं चाललंय. मेहुणा खूश आहे. खोली खरंच तेवढीच आहे, वहिनींनी कपाट उघडलं की रेडिओला बाहेर जिन्यात जाऊन बसावं लागतं. जिन्यात वरच्या मजल्यावरची एक म्हातारी बाई भेटते, तिचीही खोली तशीच. ती तिच्या भाषेत बोलते, हा मान डोलावतो. एकदा तिने याला स्वतः विणलेले मोजे दिले. कशाबद्दल ते याला अजून समजलेलं नाही, आणि विचारावं तर तेवढी वाक्यं येत नाहीत.

अधूनमधून त्याचा फोन येतो. परवा असाच आला, मी दुकानात होतो, एका गिऱ्हाइकाचा चष्मा उघडून काच बसवत होतो. मी विचारलं, काय म्हणतोस? तो म्हणाला, “माझं राहू दे. तू बोल.”

आता मला काय बोलता येतं? आयुष्यभर मी फळीला कान लावून बसलेला माणूस. म्हटलं, काही विशेष नाही, गटाराचं नवीन झाकण बसवलं. तो म्हणाला, कुठल्या गटाराचं? मी सांगितलं. गोल की चौकोनी? मी सांगितलं. वाजतं का पाय पडला की? मग मला ते नीट सांगावंच लागलं. कुणाचा पाय पडला की कसं वाजतं, हेडमास्तर त्याला वळसा घालून का जातात, कॅशियर त्यावर मुद्दाम उभा राहून का बघतो, आणि रंग आधी कुठला दिला होता. सांगता सांगता मलाच त्या झाकणात गोडी वाटायला लागली. पलीकडून तो फक्त ‘हं’ म्हणत होता.

समोर गिऱ्हाईक चष्म्याविना बसून होतं. त्याला घड्याळ दिसत नव्हतं म्हणून बरं.